हॉल ऑफ फेममध्ये कुठला पिचर जावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत कूपर्सटाउनचा, म्हणजे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, निकाल लागतो आणि त्याच्या आगेमागे तेच ते प्रश्न नव्याने येतात. काही विचारणारे अमेरिकेत राहणारे, मुलांमुळे बेसबॉलकडे वळलेले. काही इकडचे पक्के क्रिकेटवाले, ज्यांना आकड्यांचा वाद दिसला की राहवत नाही. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे नोंदींतले आहेत, मतं माझी. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हॉल ऑफ फेम म्हणजे पुरस्कार, संस्था की इमारत?

तिन्ही. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या लहानशा गावात हे संग्रहालय आहे. ते १९३९ मध्ये उघडलं, पण निवड १९३६ पासूनच सुरू झाली होती. पहिल्या तुकडीत पाच जण होते: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. यातले शेवटचे दोघे पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज. आणि ज्याच्या नावाने आज वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला पुरस्कार देतात, तो ५११ विजयांचा धनी साय यंग? तो पहिल्या तुकडीत नव्हताच. त्याची वर्णी १९३७ मध्ये लागली, तीही जेमतेम ७६ टक्के मतांनी. त्यामुळे ‘हल्लीच्या मतदारांना काही कळत नाही’ ही तक्रार हल्लीची नाही.

२. मत कोण देतं आणि पिचर पात्र कधी होतो?

किमान दहा हंगाम मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) खेळलेला आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेला खेळाडू यादीत येऊ शकतो. मत देतात बेसबॉल लेखक संघटनेचे सभासद, तेही सलग दहा वर्षं सभासद राहिलेले. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. आत जायला ७५ टक्के मतं लागतात. पाच टक्क्यांच्या खाली गेलात तर पुढच्या वर्षी यादीतून नाव कटलं. यादीत राहण्याची मुदत दहा वर्षं. २०१४ पर्यंत ती पंधरा होती.

कोरी मतपत्रिकाही एकूण संख्येत धरली जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणजे निषेध म्हणून कोरा कागद पाठवणारा मतदार प्रत्यक्षात सगळ्यांच्या विरोधात मत देत असतो. २०२१ मध्ये अशा चौदा कोऱ्या पत्रिका आल्या आणि त्या वर्षी एकही जण निवडून आला नाही.

लेखकांच्या यादीतून बाहेर पडलेल्यांसाठी मागचं दारही आहे: सोळा जणांची समिती. तिथे बारा मतं लागतात. त्याबद्दल प्रश्न १०, १२ आणि १५ पाहा.

३. मी क्रिकेट बघतो. ईआरए, विजय, सेव्ह हे एका दमात समजावाल का?

ईआरए ही आपल्या बोलिंग ॲव्हरेजची चुलत बहीण. फरक इतकाच, की भागाकार विकेटने नाही, इनिंगने होतो: नऊ इनिंगमागे (पूर्ण सामना नऊ इनिंगचाच असतो) पिचरने किती धावा दिल्या. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे गेलेल्या धावा त्याच्या खात्यात धरत नाहीत. आकडा जितका लहान तितकं बरं.

विजय म्हणजे संघ निर्णायक आघाडी घेत असताना माउंडवर (चेंडू जिथून टाकतात त्या उंचवट्यावर) जो पिचर होता, त्याच्या नावावर तो सामना. सुरुवात करणाऱ्या पिचरला मात्र त्यासाठी किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात. सेव्ह म्हणजे थोडक्या फरकाची आघाडी शेवटच्या पिचरने राखली, की त्याला मिळणारं श्रेय. स्ट्राइकआउट म्हणजे बॅटरला चेंडू मैदानात मारूच न देता बाद करणं. ‘पिचर स्वतःच्या बळावर काय करतो’ याचं सगळ्यात स्वच्छ माप तेच.

४. ३०० विजय झाले की प्रवेश पक्का, असं ऐकलं. खरं आहे?

जवळपास. आजवर २४ पिचरांनी ३०० गाठले. रॉजर क्लेमेन्स सोडला तर सगळे आत आहेत. (त्याचं प्रकरण वेगळं, प्रश्न १२.) पण या नियमाचा आता उपयोग राहिलेला नाही. शेवटचा तीनशेवाला रँडी जॉन्सन, साल २००९. पुढचा कधी होईल, होईल की नाही, सांगवत नाही.

कारण कामच बदललं. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टीव्ह कार्लटनने एका हंगामात ३४६ इनिंग टाकल्या. संघ तळाला होता, वर्षभरात फक्त ५९ सामने जिंकला, त्यातले २७ एकट्या कार्लटनचे. आज एखाद्याने २०० इनिंग टाकल्या तरी कौतुकाच्या बातम्या होतात. पाच पिचरांची पाळी, शंभरेक चेंडू झाले की बाहेर, पुढे बुलपेनमधली, म्हणजे राखीव पिचरांची, फौज. पाचव्या-सहाव्या इनिंगला बाहेर बसवलेल्याने विजय कुठून आणायचे? नोकरीचं स्वरूप बदलायचं आणि बढतीचे निकष आजोबांच्या काळचे ठेवायचे, हे मला पटत नाही. या पानावरच्या निम्म्या वादांचं मूळ इथेच आहे.

५. पण शेवटी जिंकणं महत्त्वाचं ना? विजयांना काहीच किंमत नाही का?

संघाच्या विजयाला आहे. पिचरच्या खात्यातल्या विजयाला फार कमी. सिॲटलच्या फेलिक्स हर्नांडेझचं २०१० साल घ्या. ३४ सामन्यांत सुरुवात केली, जवळपास २५० इनिंग टाकल्या, २३२ स्ट्राइकआउट काढले, ईआरए २.२७. कुठल्याही काळात हे राजाचंच वर्ष, आणि त्याला ‘किंग फेलिक्स’ म्हणतही असत. विजय-पराजय मात्र १३-१२. बॅटिंगच्या नावाने आनंद असलेला त्याचा संघ त्या वर्षी १०१ सामने हरला. फेलिक्सने नऊ इनिंगमध्ये एक धाव द्यायची आणि समोर शून्य बघायचं, असा तो प्रकार.

त्याच वर्षी सीसी साबाथियाने यांकीजसाठी २१ विजय मिळवले. जुना काळ असता तर साय यंग पुरस्कार साबाथियाला मिळाला असता आणि कुणाला वावगं वाटलं नसतं. पण मतदारांनी १३-१२ वाल्याला निवडलं, पहिल्या क्रमांकाच्या २८ पैकी २१ मतांनी. माझ्या मते पिचर मोजण्याची रीत त्या दिवशी जाहीरपणे बदलली. पुढे २०१८ मध्ये जेकब डिग्रॉमला १०-९ वर, १.७० ईआरएच्या जोरावर तोच पुरस्कार मिळाला, तेव्हा फारसा कुणी आवाजही केला नाही.

वार्षिक पुरस्काराच्या बाबतीत हे मान्य झालं. हॉल ऑफ फेमची गाडी एक स्टेशन मागे आहे. फेलिक्सचे एकूण विजय १६९, आणि ‘दोनशेसुद्धा नाहीत’ हे वाक्य अजून ऐकू येतं.

६. शंभर वर्षांपूर्वीचा पिचर आणि आजचा, यांची तुलना करायची तरी कशी?

आकड्याशी आकडा लावून नाही. ज्याने त्याने आपल्या काळाच्या किती पुढे मजल मारली, ते बघायचं. १९६८ मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता. अफाटच, पण त्या वर्षी सगळेच पिचर बॅटरांना नाचवत होते; इतके, की पुढच्या हंगामापासून माउंडची उंची १५ इंचांवरून १० वर आणली.

आता २००० साल. धावांचा सुकाळ, अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एक) सरासरी ईआरए पाचला टेकलेला. त्यात पेद्रो मार्टिनेझने २१७ इनिंगमध्ये फक्त ४२ धावा आपल्या खात्यावर येऊ दिल्या: १.७४. लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर कोण? क्लेमेन्स, ३.७०. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ दोन धावांची दरी! नुसता आकडा बघणाऱ्याला गिब्सन वरचढ दिसेल. माझ्या दृष्टीने पेद्रोचं ते वर्ष आधुनिक काळातलं सर्वोत्तम. त्याचे एकूण विजय २१९ च, पण २०१५ मध्ये तो पहिल्याच खेपेला ९१ टक्क्यांनी आत गेला. म्हणजे डोळे उघडे ठेवले की मतदारांनाही दिसतं.

लीगची सरासरी आणि मैदानाचा स्वभाव धरून ईआरए सुधारून घेतात, त्याला ‘ईआरए प्लस’ म्हणतात. १०० म्हणजे सरासरी, वर जाल तितकं चांगलं. प्रश्न ८ मध्ये तो कामाला येईल.

७. ‘वॉर’ आणि ‘जॉज’ काय भानगड आहे?

‘वॉर’ म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत याने संघाला किती जास्त सामने जिंकून दिले, याचा अंदाज. ‘जॉज’ ही जे जॅफी या लेखकाची पद्धत: कारकिर्दीचं एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचं वॉर, यांची सरासरी. लांब पल्ला आणि शिखर, दोन्हींना मान. आत असलेल्या स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणाऱ्या) पिचरांचं सरासरी वॉर सत्तरीच्या आसपास पडतं. उपयोगी फूटपट्टी आहे, फक्त ती न्यायाधीश नव्हे. दोन प्रमुख संकेतस्थळं पिचरचं वॉर वेगवेगळ्या रीतीने काढतात आणि एकाच माणसाचे दोन आकडे येतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

८. कूफॅक्सची कारकीर्द छोटी होती, तरी तो देव. मग योहान सांतानाला पहिल्याच वर्षी बाहेर का काढलं?

या पानावर सर्वात जास्त येणारा प्रश्न, आणि माझाही दुखरा विषय.

दोघेही डावखुरे, दोघेही बारा हंगामांचे. सँडी कूफॅक्स: १६५ विजय, ईआरए २.७६, तीन साय यंग. सांताना: १३९ विजय, ईआरए ३.२०, दोन साय यंग. वरवर पाहता कूफॅक्स बराच पुढे. पण प्रश्न ६ मधली काळाची दुरुस्ती करा: ईआरए प्लस कूफॅक्सचा १३१, सांतानाचा १३६. इनिंग कूफॅक्सच्या सुमारे तीनशे जास्त, हेही कबूल.

शिवाय सांतानाचा एक पुरस्कार विजयांच्या नादात गेला. २००४ आणि २००६ चा साय यंग त्याला मिळाला. मधल्या २००५ मध्ये त्याचा ईआरए २.८७ होता, पण पुरस्कार बार्तोलो कोलोनला गेला, ईआरए ३.४८, पण विजय २१. प्रश्न ५ मधली समज पाच वर्षं आधी आली असती, तर सांतानाच्या नावावर लागोपाठ तीन असते. तीन साय यंगवाल्याला पहिल्या फेरीत कुणी हाकललं असतं का?

२०१८ मध्ये त्याला २.४ टक्के मतं मिळाली. यादीत चिपर जोन्स, जिम थोमी, व्लादिमीर गरेरो, ट्रेव्हर हॉफमन, शिवाय उत्तेजकांच्या आरोपांमुळे अडकून पडलेल्या क्लेमेन्स-बाँड्सचा तंबू. दहाच खुणा करायच्या. गर्दीत चिरडला गेला.

कूफॅक्सचा शेवटही त्याला देव करून गेला. १९६६ मध्ये २७-९, ईआरए १.७३, आणि कोपराच्या दुखण्यापायी तिशीतच निवृत्ती. १९७२ मध्ये, ३६ व्या वर्षी निवड. इतक्या लहान वयात अजून कुणाची झालेली नाही. सांतानाचा खांदा गेला. २०१२ मध्ये मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता जिंकलेला सामना) टाकायला त्याने १३४ चेंडू खर्च केले आणि त्या हंगामानंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. शिखरावरून उतरलेल्याची दंतकथा होते, फरफटत गेलेल्याची होत नाही. मताचा आधार मात्र दंतकथा नसावा.

९. मग एका चमकदार हंगामावर कुणी आत जाऊ शकतो का?

नाही, आणि जाऊही नये. १९६८ मध्ये डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. त्यानंतर तीस कुणी गाठलेले नाहीत. एकूण विजय १३१, आत नाही. ब्रेट सेबरहेगनचे दोन साय यंग आहेत, त्यालाही पहिल्या खेपेला पाच टक्के मिळाले नाहीत. शिखर रुंद हवं. सांतानाचं होतं, मॅक्लेनचं नव्हतं.

१०. जॅक मॉरिस आत कसा? आणि पेटिटचं काय? मोठ्या सामन्यांना किती वजन द्यायचं?

मॉरिसचा सगळा दावा एका रात्रीवर उभा आहे. २७ ऑक्टोबर १९९१, मिनियापोलिस, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. समोर अटलांटाचा जॉन स्मोल्ट्झ. नऊ इनिंग झाल्या, ०-०. मॉरिस दहावीलाही माउंडवर गेला, तीही कोरी काढली आणि मिनेसोटाने १-० ने करंडक घेतला. ती रात्र पाहिलेला कुणीही त्याला मत द्यायला तयार होईल, हे मी समजू शकतो.

पण त्या रात्रीमागे १८ हंगाम आहेत आणि त्यांचा ईआरए ३.९०, हॉलमधल्या पिचरांत सर्वात जास्त. समर्थक म्हणायचे, तो धावफलक बघून टाकायचा. आघाडी मोठी असेल तर धावा द्यायचा, चुरस असेल तर आवळायचा. लोकांनी त्याचे सामने एकेक करून तपासले, तसं काही आढळलं नाही. पंधरा वर्षं यादीत राहून २०१३ ला ६७.७ टक्क्यांपर्यंत गेला, निवड झाली नाही. शेवटी समितीने डिसेंबर २०१७ मध्ये घेतलं. मी घेतलं नसतं.

अँडी पेटिट हा त्याचाच पुढचा अंक. २५६ विजय, पाच वर्ल्ड सिरीज, पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) १९ विजयांचा विक्रम. ईआरए ३.८५. पोस्टसीझनमधला ईआरएही ३.८१, म्हणजे मोठ्या सामन्यांत तो वेगळा माणूस होत नव्हता, नेहमीसारखाच चांगला होता. यांकीज दरवर्षी ऑक्टोबर खेळायचे, म्हणून संधी मिळत गेली. याउलट फेलिक्सच्या काळात सिॲटल एकदाही पोस्टसीझनला पोहोचलं नाही. एकाच्या पदरी संघाचं पुण्य, दुसऱ्याच्या पदरी पाप. शिवाय पेटिटने कोपराच्या दुखापतीत ग्रोथ हार्मोन घेतल्याची कबुली दिली आहे. २०२५ मध्ये त्याला २७.९ टक्के होते, फेलिक्सला २०.६, २०२६ मध्ये दोघेही निम्म्याच्या जवळ आले. माझं मत फेलिक्सला.

११. क्लोझर (सामना संपवायला शेवटी येणारा पिचर) एकच इनिंग टाकतो. त्याला स्टार्टरच्या पंगतीत कशाला बसवायचं?

प्रश्न रास्त आहे. बिली वॅग्नरच्या पूर्ण कारकिर्दीच्या इनिंग ९०३. कार्लटनने १९७२ मध्ये टाकल्या त्या वेगाने गेलं तर तीन हंगामही भरत नाहीत. मारियानो रिव्हेराबद्दल वाद नव्हता: ६५२ सेव्ह, पोस्टसीझनमध्ये त्याहून भेदक, आणि २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतं. पूर्ण एकमताने आत गेलेला पहिला खेळाडू पिचर निघाला, तोही रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मागाहून येणारा. हॉफमनचे ६०१ सेव्ह, तो तिसऱ्या खेपेला गेला.

वॅग्नरची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. जन्माने उजवा, लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्याने फेकायला शिकला. उंची पाच फूट दहा इंच, पिचरांत ठेंगणीच. त्या डाव्या हाताने कारकिर्दीत ९०३ इनिंगमध्ये १,१९६ स्ट्राइकआउट, ईआरए २.३१. दर इनिंगला एकाहून जास्त माणूस नुसता परतवला. २०१६ मध्ये यादीत आला तेव्हा १०.५ टक्के. २०२४ मध्ये ७३.८, फक्त पाच मतं कमी. २०२५ हे शेवटचं वर्ष, आणि ८२.५ टक्क्यांनी निवड.

माझं म्हणणं असं: क्लोझरसाठी दार उघडं असावं, पण किलकिलं. सेव्हचा आकडा बघू नये. तो विजयांइतकाच फसवा आहे. ज्याच्यासमोर बॅटर खरोखर हतबल होते तोच घ्यावा. वॅग्नर बसतो. ब्रूस सटर २००६ मध्ये गेला, एकाही सामन्यात सुरुवात न करता आत गेलेला पहिला पिचर. त्याच्याबद्दल मी जरा साशंक आहे.

१२. क्लेमेन्सला कायमचं बाहेर ठेवणं योग्य आहे का?

३५४ विजय, ४,६७२ स्ट्राइकआउट, सात साय यंग. इतके साय यंग दुसऱ्या कुणाकडे नाहीत. डिसेंबर २००७ च्या मिचेल अहवालात उत्तेजकांच्या संदर्भात त्याचं नाव आलं. त्याने कायम इन्कार केला. अमेरिकी काँग्रेससमोर (तिथल्या संसदेसमोर) खोटं बोलल्याच्या खटल्यात २०१२ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. लेखकांच्या यादीत दहाव्या वर्षी, २०२२ मध्ये, ६५.२ टक्के, निवड नाही. मग समिती: डिसेंबर २०२२ मध्ये नकार, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा नकार, तोही पाचपेक्षा कमी मतं पडून.

त्या ‘पाच’ला महत्त्व आहे. नव्या नियमानुसार समितीत पाचपेक्षा कमी मतं पडली तर पुढच्या तीन वर्षांच्या फेरीत नाव येत नाही, आणि असं दोनदा झालं तर कायमचं बाद. २०२२ ची फेरी या नियमाआधीची. त्यामुळे क्लेमेन्सचं नाव आता लवकरात लवकर डिसेंबर २०३१ मध्ये येऊ शकतं, आणि ती शेवटची संधी ठरू शकते.

मी मत दिलं असतं. निर्मळ चारित्र्यासाठी नव्हे, तर ज्या काळात लीगने स्वतःच डोळेझाक केली त्या काळाचा हिशेब खेळाडूंकडून एकेकट्याने वसूल करणं मला पटत नाही म्हणून. उलट बाजूचं म्हणणंही पोकळ नाही: स्वच्छ राहून कमी पैशांत, कमी मानात निवृत्त झालेल्यांनी काय करायचं? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही.

१३. नियमात ‘सचोटी’ आणि ‘चारित्र्य’ हे शब्द आहेत ना? मग वाद कसला?

आहेत. पण ते सगळ्यांना सारखे लागू झाले असते तर. गेलॉर्ड पेरी चेंडूला थुंकी, व्हॅसलीन असं काहीबाही लावायचा, हे लपूनछपून नव्हतं. १९८२ मध्ये त्यासाठी त्याला सामन्यातून बाहेर काढलं. ३१४ विजय, दोन्ही लीगमध्ये साय यंग, १९९१ मध्ये हॉलमध्ये. लोक त्याचे किस्से हसत सांगतात. व्हॅसलीन हा खोडकरपणा आणि सुई हे पाप, ही विभागणी नियमात कुठेच लिहिलेली नाही.

१४. शिलिंगने खरंच ‘मला मत देऊ नका’ म्हटलं होतं?

हो. कर्ट शिलिंग: २१६ विजय, ३,११६ स्ट्राइकआउट, पोस्टसीझनमध्ये ११-२ आणि ईआरए २.२३. प्रश्न १० मधल्या निकषावर पेटिट-मॉरिसच्या किती तरी पुढे. पण समाजमाध्यमांवरची त्याची वक्तव्यं मतदारांना झोंबत गेली. पत्रकारांना फासावर लटकवण्याच्या मजकुराच्या टी-शर्टची त्याने तारीफ केली, आणि मतं देणारे होते पत्रकार. २०२१ मध्ये ७१.१ टक्के, सोळा मतं कमी. वैतागून त्याने यादीतून नाव काढायची विनंती केली. ती मान्य झाली नाही, आणि पुढच्या, म्हणजे शेवटच्या वर्षी मतं ५८.६ टक्क्यांवर घसरली. समितीत सात पडली. आणखी एखादं वर्ष तोंड मिटून बसला असता तर आज आत असता.

१५. ‘तो आत आहे, मग हा का नाही?’ हा युक्तिवाद चालतो का?

जपून. आत काही अगदीच सुमार निवडी आहेत. जेसी हेन्स (२१० विजय) आणि रूब मार्कार्ड (२०१ विजय, १७७ पराजय) यांना समितीने १९७० आणि १९७१ मध्ये घेतलं. समितीत जुने सवंगडी बसले की काय होतं, त्याचा हा नमुना. मार्कार्डशी तुलना सुरू केली तर शे-दीडशे जण आत घ्यावे लागतील.

पण एक तुलना मला सोडवत नाही. कॅटफिश हंटर: २२४ विजय, ईआरए ३.२६, निवड १९८७. लुईस तियांट: २२९ विजय, ईआरए ३.३०. हंटर निवडून गेल्यावर दुसऱ्याच वर्षी तियांट यादीत आला, ३०.९ टक्क्यांनी. सुरुवात बरी होती, पण पुढच्या वर्षांत मोठमोठी नावं आली आणि तो मागे पडत गेला. हंटरने नशिबाने रिकाम्या वर्षांत दार ठोठावलं. तियांट ऑक्टोबर २०२४ मध्ये वारला आणि दोनच महिन्यांनी झालेल्या समितीच्या मतदानातही त्याला जागा मिळाली नाही.

१६. टॉमी जॉनच्या नावाने शस्त्रक्रिया आहे. तेवढ्यावर तरी घ्यायला नको?

१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या कोपरात दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. तोपर्यंत अशी दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट. परत येऊन त्याने आणखी १६४ सामने जिंकले, एकूण २८८. आज मेजर लीगमधल्या बऱ्याच पिचरांची ही शस्त्रक्रिया झालेली असते. निव्वळ आकड्यांवर तो उंबरठ्यावर आहे. खेळावर झालेला परिणाम धरला तर मी आत घेईन. आणि डॉ. जोब यांचीही पाटी शेजारी लावावी.

१७. निग्रो लीगमधल्या पिचरांचं काय?

वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं १९४७ पर्यंत बंद होती, म्हणून ते निग्रो लीगमध्ये खेळत. सॅचेल पेजला मेजर लीगमध्ये पहिला सामना मिळाला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. त्याला दहा हंगामांचा नियम लावणं म्हणजे थट्टाच झाली असती. खास समिती नेमली आणि तिने पहिला निवडला पेज, १९७१ मध्ये. बुलेट रोगन (१९९८), हिल्टन स्मिथ (२००१) नंतर आले. २०२० मध्ये निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला, २०२४ मध्ये आकडेही अधिकृत नोंदींत मिसळले. पण त्या लीगचे बरेच सामने कागदावर उतरलेच नाहीत, त्यामुळे इथे प्रश्न ७ मधली वॉरची फूटपट्टी एकटी पुरत नाही. सोबत आणि विरुद्ध खेळलेल्यांच्या आठवणींनाही पुरावा मानावं लागतं.

१८. कुणी भारतीय पिचर?

हॉलच्या आसपासही नाही. २००८ च्या एका टीव्ही स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले. दोघेही मायनर लीगपर्यंत पोहोचले, मेजरपर्यंत नाही. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता, हे लक्षात घेता तेही थोडकं नव्हे.

१९. सध्याच्या पिचरांत नक्की कोण जाणार?

क्लेटन कर्शॉ. २२३ विजय, ईआरए २.५३, तीन साय यंग. २०२५ नंतर निवृत्त, म्हणजे २०३१ च्या यादीत. जस्टिन व्हर्लँडर (२०२५ अखेर २६६ विजय) आणि मॅक्स शर्झर यांच्याबद्दलही शंका नको.

खरी कसोटी डिग्रॉमची. २०२५ संपताना त्याचे शंभर विजयही झाले नव्हते. दुखापतींनी हंगामच्या हंगाम खाल्ले. पण धडधाकट असताना त्याच्याइतकं चांगलं फेकणारे या काळात एका हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. सांतानाला जे जमलं नाही ते याला जमलं, तर मतदार खरोखर बदलले असं मी मानेन.

२०. ओहतानी पिचर म्हणून जाईल की बॅटर म्हणून?

मतपत्रिकेवर असा रकानाच नाही. मत माणसाला पडतं. २०१८ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला, तेव्हा दहा हंगामांची अट २०२७ मध्ये पूर्ण होईल. निवृत्तीनंतरची पाच वर्षं त्यापुढे. नुसता पिचर म्हणून त्याचं पारडं हलकं आहे. २०२२ मध्ये १५-९ आणि ईआरए २.३३ असं एक वर्ष अस्सल होतं, पण कोपराने मधली बरीच वर्षं नेली. बॅटिंग जोडली की प्रश्नच उरत नाही: चार वेळा एमव्हीपी (हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू), चारही वेळा एकमताने.

जपानी पिचरांच्या बाबतीत मतदार याआधी चुकले आहेत. हिदेओ नोमोने जपानी खेळाडूंसाठी वाट मोकळी केली, तरी २०१४ मध्ये त्याला १.१ टक्के मतं पडली. त्याच वर्षी जपानच्या हॉल ऑफ फेमने त्याला मानाने घेतलं. ओहतानीच्या वाट्याला तसं येणार नाही. आणि त्याचे पिचिंगचे आकडे तोकडे आहेत म्हणून कुणी नाक मुरडलं, तर १९३६ च्या त्या पाच जणांतल्या बेब रूथचं खातं दाखवा: पिचर म्हणून ९४ विजय, ईआरए २.२८.